जुने इंजीन, नवे इंजीन आणि हर्णेची वाळू

हर्णेच्या बंदरात संध्याकाळच्या लिलावाला जो उभा राहिला आहे, त्याला वाहनांचा इतिहास पुस्तकात वाचण्याची गरज नाही. तो तेथे वाळूवरच मांडलेला असतो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, अलीकडे कनकदुर्गाचा दीपस्तंभ, पाण्यात नांगर टाकून डुलणाऱ्या होड्या आणि त्यांतून उतरणारी मासळी. ही मासळी बैलगाडीतून वाळूपार आणण्याची रीत या बंदरात पिढ्यानपिढ्यांची. बैलगाड्यांच्या पलीकडे बर्फाच्या लाद्या घेऊन आलेले टेम्पो. आणि अलीकडच्या वर्षांत या सगळ्यांच्या मधोमध, मुंबई-पुण्याहून आलेली, रुंद टायरांची, उंच बांध्याची, नवी कोरी फोर व्हील ड्राइव्ह गाडी.

ही गाडी बहुतेक वेळा नुसती उभी असते. कधी कधी मात्र ती रुतते. दृश्य एकट्या हर्णेचे नाही. मुरूड, कर्दे, लाडघर या दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यांवर काय किंवा पलीकडे रायगडात काय, वाळूत फसलेली आणि भरतीच्या पाण्यात सापडलेली गाडी ही आता सुटीच्या मोसमातली नेहमीची बातमी झाली आहे. मग गर्दी जमते आणि गर्दीबरोबर वादही. एखादे वयस्क गृहस्थ म्हणतात, "जुनी जीप असती तर अशी बसली नसती. आताची इंजिने म्हणजे नुसते कॉम्प्युटर." त्यावर गाडीवाल्या तरुणाचा मित्र म्हणतो, "अहो काका, तुमच्या त्या जीपला साठ घोड्यांची ताकद. हिला एकशे तीस आहे." तेवढ्यात गावातला ट्रॅक्टर येतो, साखळी लागते, गाडी निघते, लोक पांगतात. वाद मात्र सुटत नाही.

हा वाद वरवर पाहता हौशी लोकांचा वाटतो, पण तो तसा नाही. जुनी वाहने रस्त्यावरून काढावीत असे सरकारचे धोरण आहे. ज्या गावांत त्याच जुन्या गाड्यांवर माणसांची आणि मालाची ने-आण अवलंबून आहे, तेथे हा पोटाचा प्रश्न आहे. म्हणून 'जुने ते सोने' ही म्हण इंजिनाच्या बाबतीत कितपत खरी, हे एकदा भावना बाजूला ठेवून तपासले पाहिजे.

मुंबईची जीप, नाशिकचे इंजीन

या गाड्यांचा भारतातला इतिहास बराचसा महाराष्ट्रातच घडला, हे आपण विसरतो. पोलादाच्या व्यापारासाठी १९४५ साली निघालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत त्यांची जोडणी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात नावारूपाला आलेली ही गाडी खेड्यापाड्यांत पोचली ती सरकारी कामासाठी. १९५२ मध्ये सामूहिक विकास योजना आली, १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप ही शासन गावात आल्याची खूण ठरली. निवडणुकीत पुढाऱ्याची जीप, साथीच्या काळात आरोग्य खात्याची जीप आणि पुढे माणसांनी लगडलेली वडापची जीप, ही सारी एकाच कुळातली मंडळी.

त्या पहिल्या जीपचे इंजीन पेट्रोलवर चालणारे, सुमारे २,२०० सीसीचे. १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल महाग झाले आणि जीपला डिझेल इंजिनाची गरज भासू लागली. ते इंजीन कोठून आले, हे पाहण्यासारखे आहे. महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीबरोबर १९६३ मध्ये ट्रॅक्टरची कंपनी काढली होती. कांदिवलीत होणाऱ्या त्या ट्रॅक्टरच्या कुळातले डिझेल इंजीन जीपमध्ये आले. १९८० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनलेले २,११२ सीसीचे इंजीनही आले. त्याची ताकद साधारण ६२ अश्वशक्ती. तिकडे पुण्यात आकुर्डीला बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीझच्या जुन्या डिझेल इंजिनाचा वारसा ट्रॅक्स आणि गुरखा या गाड्यांत चालवला. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली, ती मात्र जेमतेम ९७० सीसीच्या पेट्रोल इंजिनाची.

२०१० मध्ये महिंद्रची 'थार' बाजारात आली तेव्हा जुने आणि नवे हे दोन्ही युग तिच्यात एकाच वेळी हजर होते. एका प्रकारात ट्रॅक्टरच्या घराण्यातले तेच २,५२३ सीसीचे, ६३ अश्वशक्तीचे साधे इंजीन. दुसऱ्यात 'कॉमन रेल' पद्धतीचे, १०५ अश्वशक्तीचे. दहा वर्षांनी, २०२० मध्ये, नाशिकला तयार होणारी नवी थार आली तेव्हा साधे इंजीन गेले. त्याच्या जागी १३० अश्वशक्तीचे डिझेल आणि १५० अश्वशक्तीचे पेट्रोल अशी दोनच इंजिने राहिली. वाळूवरच्या वादातले काका आणि तो तरुण हे दोघे या दोन टोकांना उभे आहेत.

ताकदीचा हिशेब

आता ताकदीचा मुद्दा आधी संपवू. खडकाळ चढावर किंवा वाळूत गाडी वेगाने पळवायची नसते. तेथे कमी फेऱ्यांत मिळणारे फिरवण्याचे बळ, ज्याला टॉर्क म्हणतात, ते लागते. जुन्या इंजिनाचे कौतुक याच कारणाने होते आणि ते खोटे नाही. थारच्या त्या ६३ अश्वशक्तीच्या इंजिनाला मिनिटाला १,५०० फेऱ्यांतच त्याचा पुरता, म्हणजे सुमारे १८० न्यूटन-मीटरचा टॉर्क मिळे. क्लच सोडला आणि ॲक्सिलरेटरला पायही लावला नाही, तरी गाडी चढ चढत राही. ट्रॅक्टरच्या रक्ताचे इंजीन ते, त्याला घाई ठाऊक नव्हती.

पण नव्या डिझेल इंजिनाचे आकडे पाहिले तर १,६०० फेऱ्यांपासून ३०० न्यूटन-मीटर. म्हणजे जवळजवळ तितक्याच कमी फेऱ्यांत दीडपटीहून अधिक बळ. टर्बोचार्जर हवा कोंबतो आणि इंधन नेमके तोलून फवारले जाते, म्हणून हे घडते. 'आताच्या इंजिनात दम नाही' हा समज निदान कागदावर तरी टिकत नाही, आणि घाटात तर मुळीच टिकत नाही. कशेडी घाटात जुनी भरलेली जीप दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढायची, हे ज्यांनी तिच्या मागच्या बाकावर बसून अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

मग वाळूत नवी गाडी का बसते? कारण वाळूत इंजीन जिंकत नाही. तेथे वजन आणि टायर जिंकतात. मूळची विलीज घराण्यातली जीप हजार-अकराशे किलोची. जिप्सीही एका टनाच्या आसपास. आजची अशीच गाडी, अपघातात माणूस वाचावा म्हणून केलेल्या मजबूत सांगाड्यासह, वातानुकूलन यंत्रासह आणि इतर सोयींसह पावणेदोन टनांच्या घरात जाते. ओल्या वाळूचा वरचा थर एवढे ओझे एका ठिकाणी पेलत नाही. टायरमधली हवा निम्म्यावर आणली तर टायर पसरतो, भार वाटला जातो आणि गाडी तरते. पण हे किती पर्यटकांना ठाऊक असते? चाक फिरू लागले की घाबरलेला चालक आणखी जोरात पाय दाबतो आणि १३० अश्वशक्ती खड्डा खणण्याच्या कामी लागते. उलट काही नव्या गाड्यांत चाक घसरते आहे असे कळताच संगणक इंजिनाची ताकद कापतो. डांबरी रस्त्यावर प्राण वाचवणारी ही सोय वाळूत बंद करावी लागते, हेही अनेकांना माहीत नसते.

तेव्हा किनाऱ्यावरच्या वादात काका अर्धे बरोबर आणि तरुण अर्धा. जुनी जीप कदाचित रुतली नसती, पण ते श्रेय इंजिनापेक्षा तिच्या हलकेपणाचे आणि चालवणाऱ्याच्या सवयीचे.

बिघाड कोणाच्या हातात?

खरा फरक गाडी बंद पडते तेव्हा कळतो.

जुन्या डिझेल इंजिनात डिझेल पंप हा संपूर्ण यांत्रिक. इंजीन फिरले की दात्यांमार्फत पंप फिरतो, पंपातले छोटे दट्टे ठरलेल्या क्षणी डिझेल दाबतात, त्या दाबाने नोझल उघडते आणि तापलेल्या हवेत डिझेल पेटते. या साखळीत वीज कोठेच लागत नाही. बॅटरी मेली तरी उतारावर धक्का मारून गाडी चालू होई. एकदा चालू झाली की डिझेल संपेपर्यंत किंवा बंद करण्याची दोरी ओढेपर्यंत चालत राही. बिघाड झाला तर तो दिसे, ऐकू येई किंवा वासाने कळे. पांढरा धूर, काळा धूर, निळा धूर यांतून आजार ओळखणारे मिस्त्री तालुक्याच्या गावी असत. डिझेलच्या नळीत हवा शिरली असेल तर बोटाने पंप मारून ती काढणे हे चालकालाही येई. पंप आणि नोझल तपासून देणारा कारागीर म्हणजे त्या जगातला विशेषज्ञ डॉक्टर. इंजीन उघडून, रिंगा आणि लायनर बदलून ते पुन्हा बांधता येई, आणि एकच इंजीन दोन-तीनदा बांधले जाई.

नव्या इंजिनात पंप फक्त दाब तयार करतो. तो दाब पूर्वीच्या काही पटींनी जास्त, १,६०० बार आणि त्याही पुढे. हे दाबलेले डिझेल सर्व नोझलना मिळून असलेल्या एकाच नळीत साठते. म्हणून 'कॉमन रेल' हे नाव. केव्हा आणि किती फवारायचे हे संगणक ठरवतो, आणि एका स्फोटासाठी दोन-तीन वेळा, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात नोझल उघडतो. त्यासाठी हवा, तापमान, फेऱ्या, दाब, धुरातला प्राणवायू अशा अनेक गोष्टी मोजणारे संवेदक त्याला सतत माहिती पुरवतात. ही माहिती चुकली, तर इंजिनात काडीचा दोष नसतानाही गाडी लंगडू लागते. समोर एक पिवळा दिवा लागतो. त्या दिव्याचा अर्थ स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही. स्कॅनर ज्याच्याकडे आहे तोच वैद्य. गावातला मिस्त्री कितीही जाणता असला तरी तो या दिव्यापुढे अडाणी ठरतो.

त्यात किनाऱ्याची हवा. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते हे सर्वांना दिसते, पण वायरींच्या जोडांतल्या तांब्यावर चढणारा हिरवा थर कोणाला दिसत नाही. जुन्या जीपचा सांगाडा सडायचा, पत्रा झडायचा, पण इंजीन चालू राहायचे. नव्या गाडीत एक जोड खराब झाला की संपूर्ण गाडी उभी. समुद्राचे पाणी आत गेले तर जुन्या इंजिनाचेही हाल होतात, ते पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पण वेळेवर उघडून धुतलेले जुने इंजीन पुन्हा उभे राहण्याची आशा असते. नव्या गाडीत पाण्यात गेलेल्या संगणकाची आणि वायरींची किंमतच अशी येते की मालक हात टेकतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि दापोली, मंडणगड तालुक्यांत त्याने हाहाकार केला. झाडे आडवी पडून रस्ते बंद झाले, अनेक गावांत कित्येक दिवस वीज आली नाही, फोन लागत नव्हते. अशा दिवसांत ज्या गाडीचा आजार ओळखायला वीज, इंटरनेट आणि शंभर किलोमीटरवरचे अधिकृत केंद्र लागते, तिच्यावर गावाने किती भरवसा ठेवावा? हा प्रश्न विचारणे म्हणजे प्रगतीला विरोध करणे नव्हे.

धुराची दुसरी बाजू

येथवर वाचून जुन्या इंजिनाचा पक्ष भक्कम वाटू लागला असेल, तर आता लिलावाच्या ठिकाणी परत यावे लागेल. टोपल्या मांडून बसलेल्या बायका आणि त्यांच्या तोंडाच्या उंचीवर सोडलेला टेम्पोचा धूर, हे दृश्यही त्याच वाळूवरचे आहे. जुन्या इंजिनाच्या साधेपणाची किंमत तो धूर ज्यांच्या छातीत जातो ते चुकवत होते. ती बिलात दिसत नव्हती, एवढेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकले. आपल्याकडे डिझेल मोटारीच्या धुरातील काजळीच्या कणांवर २००० सालच्या मानकांनी किलोमीटरला ०.१४ ग्रॅमची मर्यादा घातली. २०१० मध्ये देशभर लागू झालेल्या भारत स्टेज तीनमध्ये ती ०.०५ होती, २०१७ च्या भारत स्टेज चारमध्ये ०.०२५ आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहामध्ये ०.००४५. वीस वर्षांत मर्यादा तिसाव्या हिश्श्याहूनही खाली आली. डिझेलमधल्या गंधकाचे प्रमाणही स्टेज तीनच्या ३५० भागांवरून (दहा लाखांत) स्टेज सहामध्ये १० भागांवर आले. यांत्रिक पंपाने ही पायरी गाठणे शक्यच नव्हते. इंधन इतके नेमके तोलायचे तर संगणक हवा, संवेदक हवेत, अति दाब हवा. म्हणजे ज्या गोष्टींनी मिस्त्रीचे काम हिरावले, त्याच गोष्टींनी हवा स्वच्छ केली. या दोन्ही विधानांतले एकच उचलून बोलणारा माणूस अर्धे सत्य सांगतो.

तथापि हे नियम शहर डोळ्यांपुढे ठेवून आखले गेले, हेही तितकेच खरे. भारत स्टेज सहाच्या डिझेल गाडीत काजळी अडवणारी एक जाळी असते. साठलेली काजळी जाळून ती साफ व्हावी लागते आणि त्यासाठी धुराचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावे लागते. महामार्गावर ते आपोआप जाते. हर्णे-दापोलीसारख्या पंधरा-सोळा किलोमीटरच्या वळणावळणाच्या रस्त्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, रोज तीच फेरी मारणाऱ्या गाडीत ते जात नाही. जाळी तुंबते, दिवा लागतो, केंद्रात न्यावे लागते. मग काही जण कोणाला तरी पैसे देऊन ती जाळीच काढून टाकतात, आणि पीयूसीच्या सोप्या धूरचाचणीत ते सहसा पकडलेही जात नाही. गाडी नवी, किंमत नवी, धूर मात्र जुना. नियम कडक करायचा आणि तो पाळता येईल अशी व्यवस्था गावात उभी करायची नाही, याचा परिणाम असा होतो.

ट्रॅक्टरला एक न्याय, जीपला दुसरा

सरकारला ही अडचण कळत नाही असे म्हणावे, तर ट्रॅक्टरच्या बाबतीत ती कळलेली दिसते. ट्रॅक्टरसाठी धुराचे नियम वेगळे आहेत. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेला कडक टप्पा पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांपुरताच होता. आपल्या शेतकऱ्यांचे बहुसंख्य ट्रॅक्टर त्याहून लहान. त्यामुळे रुतलेल्या गाडीला ओढून काढणाऱ्या गावातल्या ट्रॅक्टरमध्ये बहुधा तोच साधा यांत्रिक पंप असतो. मासेमारीच्या होड्यांना तर रस्त्यावरच्या वाहनांची ही मानके लागूच नाहीत. हर्णेच्या होड्यांवर जोवर साधी डिझेल इंजिने धडधडत आहेत, तोवर पंप-नोझलची विद्या या किनाऱ्यावर जिवंत राहील. पण ती जीपच्या कामाची उरणार नाही.

जुन्या गाड्यांबाबत मात्र धोरण वयावर बोट ठेवते. दिल्ली परिसरात राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि तो वाद न्यायालयांत चालत राहिला. २०२१ मध्ये वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण आले. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांच्या मोटारीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले. एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवणे बंद झाले. गटविकास अधिकाऱ्याच्या जुन्या जीपचा अध्याय अशा रीतीने कायद्यानेच संपवला.

वास्तविक वय हा आजार नव्हे. नीट राखलेली, वर्षाला चार हजार किलोमीटर चालणारी जुनी जीप आणि जाळी काढून टाकलेली, वर्षाला चाळीस हजार किलोमीटर धावणारी नवी गाडी यांत हवेला अधिक अपाय कोण करते? मोजायचे ते धूर आणि फिरणे. त्यासाठी विश्वासार्ह तपासणी केंद्रे जिल्ह्याच्याच नव्हे, तर तालुक्याच्या पातळीवर लागतील. कॅलेंडर पाहून गाडी मोडीत काढणे सोपे आहे, म्हणून ते योग्य ठरत नाही.

किल्ली कोणाकडे असावी?

परंतु सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. जुन्या गाड्या आज ना उद्या जाणारच. तेव्हा नव्या गाडीची विद्या गावापर्यंत पोचू दिली जाणार की नाही, याचे उत्तर आताच हवे.

याबाबत भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये दिलेला एक निकाल प्रत्येक गॅरेजवाल्याला माहीत असायला हवा. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देता बाजार अडवून ठेवल्याबद्दल आयोगाने देशातल्या चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण लांबले. पण निकालाचा गाभा स्पष्ट होता. गाडी विकली की ती ग्राहकाची झाली, मग तिच्या आजाराची माहिती विक्रेत्याने कुलूपबंद का ठेवावी? युरोपात २००७ च्या नियमानेच दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये तसाच कायदा केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तिच्या कक्षेत शेतीची यंत्रे आणि मोटारीही घेतल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक संकेतस्थळही सुरू केले. मात्र संकेतस्थळ म्हणजे हक्क नव्हे. दापोलीच्या मिस्त्रीला वाजवी दरात स्कॅनर, त्याला लागणारी माहिती आणि अस्सल सुटा भाग मिळेल तेव्हा तो हक्क झाला असे म्हणता येईल.

येथे राज्य सरकारला करता येण्यासारखे पुष्कळ आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतला 'मोटार मेकॅनिक' आणि 'डिझेल मेकॅनिक' हा मुलगा कॉमन रेल इंजिनावर हात बसवून बाहेर पडला पाहिजे. आपल्या राज्यात वाहनांची चाचणी घेणारी 'एआरएआय' ही पुण्याची संस्था १९६६ पासून आहे, डिझेलची नोझल बनवणारा कारखाना नाशिकला आहे, जीपचा कारखाना तेथेच आहे. एवढी विद्या दोन-तीनशे किलोमीटरच्या परिघात असताना कोकणातल्या गॅरेजवाल्याने पिवळा दिवा लागला की हात वर करावेत, हे त्याचे अपयश नाही. ते आपल्या व्यवस्थेचे अपयश आहे.

आणि शेवटी वाळूबद्दल. हर्णेच्या शेजारच्या आंजर्ल्याला आणि उत्तरेच्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. गावकऱ्यांनी ती जपली, त्यांचा महोत्सव केला आणि त्यातून गावात चार पैसे आले. त्या अंड्यांवरून चाक गेले तर ते चाक ६३ अश्वशक्तीच्या इंजिनाने फिरवले की १३० अश्वशक्तीच्या, याने कासवाला काही फरक पडत नाही. तेव्हा गाडीची परीक्षा घ्यायची हौस असणाऱ्यांनी ती अन्यत्र भागवावी. बंदरातली वाळू ज्यांचे पोट तिच्यावर आहे त्यांच्यासाठी आणि बाकीचा किनारा कासवांसाठी सोडावा.

जुन्या इंजिनाने आपल्याला एक गोष्ट दिली होती. यंत्र वापरणाऱ्या माणसाला त्या यंत्राची ओळख होती. नव्या इंजिनाने दुसरी दिली, मोकळा श्वास. या दोहोंतून एकच निवडा, असे आज कोकणी माणसाला सांगितले जाते. त्याने ते मान्य करू नये. स्वच्छ इंजीनही हवे आणि त्याची किल्ली आपल्या गावातल्या मिस्त्रीच्या हातातही हवी, असे त्याने ठणकावून सांगावे. नाहीतर उद्या गाडी वाळूत नव्हे, चांगल्या डांबरी रस्त्यावर बसेल, आणि तिला ओढायला आलेल्या ट्रॅक्टरवरही तोच पिवळा दिवा लागलेला असेल.